हाताची हाडं बोटाने ओळखा : खांद्यापासून पेरापर्यंत

रावपुरा_रविवार

दिवाळीच्या सुट्टीतली शिबिरं आणि पाठोपाठ जानेवारीतलं उत्तरायण. बडोद्यात हात मोडायचा हंगाम हाच. कुणी मल्लखांबावरून येतं, कुणी पतंगाच्या नादात धाब्याच्या कठड्यावरून. व्यायामशाळेत शिकवणारे इथे बरेच आहेत, दोघं-तिघं वैद्यकातलेही आहेत, म्हणून हा धागा काढतोय. भिंतीवरच्या तक्त्यावर नावं वाचायची नाहीत. अंगावर बोट ठेवून हाड ओळखायचं, सांधा कसा फिरतो ते पाहायचं, कुठे मोडतं आणि का मोडतं ते समजून घ्यायचं. औषधं, बिलं, कुठला डॉक्टर चांगला, हे सगळं दुसऱ्या धाग्यावर.

आधी मोजणी. एका हातात ३२ हाडं : कॉलर बोन १, खवाट्याचं (पाठीवरच्या खांद्याच्या पात्याचं) १, दंडाचं १, कोपराखाली २, मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. अंगठ्याला दोनच पेरं, बाकीच्या चौघांना तीन-तीन, म्हणून १४. दोन्ही हात धरून ६४, म्हणजे २०६ पैकी जवळपास एक तृतीयांश.

आता गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा आणि जरा बाजूला सरकवा. जाड, गोल टोक लागेल. कॉलर बोन छातीच्या हाडाला जिथे मिळतं ती ही जागा. बोट तिथेच ठेवून खांदा वर-खाली, मागे-पुढे करा, टोक हलताना कळेल. अख्ख्या हाताचा धडाशी हाडाला हाड लागलेला सांधा एवढा एकच. बाकी सगळा हात स्नायूंवर टांगलेला आहे. खांद्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ यातच आहे.

मास्तर, कॉलर बोनपासून सुरुवात करा.

शरीररचना_मास्तर

करतो. कॉलर बोन सरळ नसतं. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश मागे वळलेला. वळण जिथे बदलतं तिथेच गोल हाड चपटं व्हायला लागतं, आणि नेमक्या त्या जागी स्नायूंचा किंवा अस्थिबंधांचा आधार नाही. म्हणून मोडतं ते बहुतेक तिथेच, मधल्या भागात. खांद्यावर आपटलं की सगळा जोर याच हाडातून धडाकडे जातो.

मोडल्यावर आतला तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो आणि बाहेरचा हाताच्या वजनाने खाली जातो. मूल दुसऱ्या हाताने कोपर उचलून धरतं आणि मान दुखऱ्या बाजूला कलती ठेवतं. एवढं दिसलं की कपडे काढायच्या आधीच निदान झालेलं असतं.

गर्भात सगळ्यात आधी हाड बनायला लागतं ते हेच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि याच्या आतल्या टोकाची वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं तो कूर्चेचा थर, सगळ्यात उशिरा जुळते, विशी उलटून काही वर्षं गेल्यावर. त्यामुळे अठरा-वीस वर्षांच्या मुलाला कुस्तीत मार बसून आतल्या टोकाला दुखत असेल तर तिथला सांधा निखळला असं लगेच म्हणू नका, वाढीची पट्टी सुटलेली असू शकते. ते टोक मागच्या बाजूला सरकलं असेल तर मात्र थांबायचंच नाही. मागे श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. गिळायला त्रास, आवाजात बदल, हात निळसर, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय.

मांजलपूर_फिजिओ

कॉलर बोनला पाठीवरून आठाच्या आकड्यासारखी पट्टी घट्ट बांधायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. झोळीशी तुलना करून पाहिलेली आहे. हाड जुळण्यात फरक पडत नाही, झोळीत दुखणं कमी असतं आणि काखेत कातडी सोलत नाही. मुलांना तीन-चार आठवडे, मोठ्यांना सहा किंवा जास्त. जुळताना तिथे गाठ येते आणि आई-वडील घाबरतात. मुलांची काही महिन्यांत बसते, मोठ्यांची थोडी राहते.

झोळी बांधायची पद्धत : उपरण्याचा किंवा ओढणीचा त्रिकोण करा, टोक कोपराकडे. पंजा कोपरापेक्षा चार बोटं वर राहिला पाहिजे, नाहीतर सूज बोटांत उतरते. बोटांची नखं बाहेर दिसली पाहिजेत. गाठ मानेच्या मधोमध नको, बाजूला.

मल्लखांबी

खवाट्याचंही घ्या. मुलं दोरीच्या मल्लखांबावर लटकतात तेव्हा सगळा भार तिथे येतो आणि शिकवणारे फक्त दंडाकडे बघत बसतात.

शरीररचना_मास्तर

बरोबर आहे तुमचं. खवाटा म्हणजे चपटं, तीन कोनांचं हाड, पाठीवर दुसऱ्या ते सातव्या बरगडीपर्यंत पसरलेलं. मागून आडवा कणा हाताला लागतो. तो पाठीच्या मध्याकडे जिथे सुरू होतो तो साधारण छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या रेषेत, आणि खवाट्याचं खालचं टोक सातव्याच्या. मणके मोजायला हे फार सोयीचं. आडवा कणा बाहेर धरत गेलात की खांद्याच्या वर सपाट हाड लागतं. ते खांद्याचं छप्पर, अक्रोमियन. पुढून कॉलर बोनच्या बाहेरच्या टोकाखाली, दोनेक सेंटिमीटरवर दाबलं की खोल दुखरा टणक उंचवटा लागतो, तो कोराकॉइड. निरोगी माणसालाही तिथे दुखतं, त्यामुळे त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

आता प्रयोग. विद्यार्थ्याच्या मागे उभे राहून खवाट्याचं खालचं टोक अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरा आणि त्याला हात बाजूने वर न्यायला सांगा. सुरुवातीच्या ३० अंशांपर्यंत टोक जवळजवळ जागचं हलत नाही, मग बाहेर आणि पुढे फिरत जातं. हात पूर्ण वर, म्हणजे १८० अंश जातो, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० खवाट्याचे. खवाटा दाबून धरला तर हात डोक्यावर जाणारच नाही.

दुसरी गोष्ट. हात बाजूने वर नेताना तळवा खालीच राहिला तर दंडाच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा छपराला घासतो आणि मधे अडकलेली स्नायूची दोरी (टेंडन) चिमटते. तळवा पुढे वळवून अंगठा छताकडे केला की तो उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. डंबेल अंगठे खाली करून बाजूला उचलायला लावणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मांजलपूर_फिजिओ

आणि भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून ढकलायला लावा. एका बाजूचा खवाटा पंखासारखा वर आला तर त्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू किंवा त्याची नस (मज्जातंतू) कमजोर आहे. त्या मुलाला जोर आणि हातावर उभं राहणं बंद, आधी तपासणी.

क्ष_किरण

खवाटा मोडलेला दिसला तर त्या माणसाची छातीही बघा. एवढ्या स्नायूंत दडलेलं हाड साध्या पडण्याने मोडत नाही. वाहनाचा अपघात किंवा उंचावरून पडणं, असंच काहीतरी असतं. बरगड्या आणि फुप्फुस आधी.

निरुपमा_व

खांदा इतका का निखळतो? खुब्याचा सांधाही गोल डोकं आणि वाटीचाच ना?

शरीररचना_मास्तर

खुब्याची वाटी खोल आहे, डोकं आत बसतं. खांद्याची वाटी उथळ आणि लहान. दंडाच्या डोक्याचा साधारण तिसरा-चौथा हिस्साच एका वेळी तिला टेकलेला असतो. कडेला कूर्चेची किनार आहे, ती खोली थोडी वाढवते. पण खरं धरून ठेवतात ते चार लहान स्नायू : एक वरून, दोन मागून, एक पुढून. खालून कुणीच नाही. हात जवळजवळ सगळ्या दिशांना जातो, तो याच ढिलाईच्या बदल्यात.

हात बाजूला वर, मागे ओढलेला आणि बाहेर वळलेला असताना धक्का बसला की डोकं पुढे-खाली घसरतं. चेंडू फेकण्याची शेवटची स्थिती किंवा मल्लखांबावर एका हाताने मागे लटकणं आठवा. १०० निखळलेल्या खांद्यांत ९० हून जास्त पुढेच निखळलेले असतात. लक्षणं : खांद्याची गोलाई जाते, छपराची कड धारदार दिसते, आणि त्या हाताचा पंजा समोरच्या खांद्यावर ठेवून कोपर छातीला टेकवता येत नाही.

रावपुरा_रविवार

मैदानात ओढून बसवायचा की नाही, यावर दर वर्षी वाद होतो.

मांजलपूर_फिजिओ

नाही. काखेत टाच लावून ओढणं तर अजिबात नाही. दंडाच्या हाडाचा उंचवटा मोडलेला असेल, किंवा त्याची मान (डोक्याखालचा अरुंद भाग) मोडली असेल, तर ओढल्याने तुकडा आणखी सरकतो. आणि त्या मानेला वळसा घालून नस जाते. आधी दोन गोष्टी बघून लिहून ठेवा : दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला, जिथे बिल्ला लावतात तिथे, स्पर्श कळतो का, आणि मनगटावर नाडी लागते का. बसवण्यापूर्वीच बधिरपणा होता की नंतर आला, हे पुढच्या डॉक्टरला कळायला हवं. हात आहे त्या स्थितीत, बगलेत घडी केलेला टॉवेल ठेवून, झोळी. वाटेत चहा-बिस्किट देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

विशीच्या आतल्या मुलांत हे पुन्हा पुन्हा होण्याचा संभव फार मोठा, कारण कूर्चेची किनार फाटलेली असते. महिनाभराने दुखणं गेलं म्हणून लगेच दोरीवर चढवू नका.

क्ष_किरण

एक सापळा सांगतो. विजेचा झटका किंवा फिट आल्यावर खांदा मागे निखळतो. समोरून काढलेल्या एक्स-रेच्या पट्टीत तो जवळजवळ नॉर्मल वाटतो आणि माणूस घरी पाठवला जातो. खूण एकच : हात बाहेर वळतच नाही, आतच अडकलेला. अशा वेळी काखेतून किंवा खवाट्याच्या बाजूने दुसरी पट्टी काढायची. एका दिशेच्या पट्टीवर खांदा ठीक आहे असं म्हणायचं नसतं.

निरुपमा_व

आणि पन्नाशीतल्या बायकांचा खांदा जो वर जातच नाही, केस विंचरता येत नाहीत? तोही यातलाच?

मांजलपूर_फिजिओ

नाही निरुपमाताई, ते वेगळं. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा आणि तुम्ही स्वतः तिचा पंजा बाहेर वळवा. तिने जोर लावायचा नाही. तुम्ही वळवूनही अडतं, तर सांध्याची पिशवी आकसली आहे. त्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, मधुमेहींत जास्त, आणि बाहेर वळणं सगळ्यात आधी जातं. तुम्ही वळवलं तर पूर्ण जातं पण तिला स्वतःला उचलता येत नाही, किंवा साधारण ६० ते १२० अंशांतच दुखतं, तर घोटाळा वरच्या स्नायूच्या दोरीत आहे. दोघांचे व्यायाम वेगळे. आकसलेल्या खांद्याला झटके देऊन सोडवायला गेलात तर आणखी आकसतो.

शरीररचना_मास्तर

दंडाचं हाड थोडक्यात. याला तीन नसा तीन ठिकाणी चिकटून जातात. वर मानेजवळ गेली तर खांदा उचलत नाही. मध्यावर मागून तिरकी जाणारी गेली तर मनगट लोंबकळतं. खाली कोपराच्या आतल्या उंचवट्यामागची तर सगळ्यांच्या ओळखीची, दारावर आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात तीच. हाड कुठे मोडलं ते कळलं की कुठली नस तपासायची ते आपोआप ठरतं. मनगट लोंबकळत असलेला हात खुर्चीच्या पाठीवर टाकून रात्रभर झोपलेल्या माणसातही दिसतो, तिथे हाड शाबूत असतं.

कोपरासाठी तीन बोटं वापरा. अंगठा बाहेरच्या उंचवट्यावर, मधलं बोट आतल्या उंचवट्यावर, तर्जनी कोपराच्या मागच्या टोकावर. कोपर काटकोनात असेल तर तिन्हींचा त्रिकोण होतो, सरळ केलं की तिन्ही एका रेषेत. सांधा निखळला असेल तर हे बिघडतं. दंडाचं हाड उंचवट्यांच्या वर मोडलं असेल तर कोपर वाकडं दिसलं तरी त्रिकोण तसाच राहतो. पाच ते सात वर्षांच्या मुलात हा दुसरा प्रकार सगळ्यात जास्त.

क्ष_किरण

मुलांच्या कोपराची एक्स-रे पट्टी बघणाऱ्यांसाठी. तिथली टोकं आधी कूर्चेची असतात, मग एकेक दिसू लागतात. क्रम ठरलेला, वयं अंदाजे : दंडाचं बाहेरचं गोल टोक १, रेडियसचं (कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं ३, आतला उंचवटा ५, चाकासारखा आतला भाग ७, कोपराचं मागचं टोक ९, बाहेरचा उंचवटा ११. मुलींत थोडं लवकर. तुकडा दिसला की मोडलं असं नाही, आणि नाही दिसला म्हणून शाबूत असंही नाही. आतला उंचवटा त्याच्या जागी नाही पण सांध्यात एक दाणा दिसतोय, असं असेल तर तो उंचवटाच तुटून आत अडकला आहे, कारण क्रमाने तो आधी यायला हवा. शंका असेल तर दुसऱ्या कोपराची पट्टी शेजारी ठेवा.

दांडियाबाजार_जुना

हे सगळं ठीक, पण आपल्या गावाला हाडवैद्यांची परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरातले प्रो. माणिकराव व्यायामाइतकेच हाड बसवण्यासाठी ओळखले जात. हाताच्या स्पर्शाने निदान करणारी माणसं होती ती. तुम्ही म्हणता तसं बोट ठेवूनच. चार दिवस तेल लावून चोळलं तर बिघडलं काय?

मांजलपूर_फिजिओ

काका, स्पर्शाने निदान करण्याच्या कौशल्यावर माझं काही म्हणणं नाही. प्रश्न कोपराचा आहे, आणि कोपर चोळून घेत नाही.

मार लागल्यावर हाडाच्या भोवती रक्त साकळतं. कोपराच्या पुढे स्नायू थेट हाडाला चिकटलेला असतो. रोज चोळलं आणि जबरदस्तीने वाकवलं-सरळ केलं तर त्या साकळलेल्या रक्तात हाड तयार होऊ लागतं, स्नायूच्या आत. मग कोपर वीस-तीस अंशांतच अडकतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मोडलेलं हाड नीट जुळून आलेलं असतं आणि हात तरीही तोंडापर्यंत पोचत नाही.

दुसरं, घट्ट बांधणं. कांबट्या लावून आवळलेली पट्टी, आत वाढणारी सूज, आणि कोपरापुढून जाणारी मुख्य रक्तवाहिनी. पुढच्या हाताच्या स्नायूंचं रक्त तुटलं की काही तासांत ते मरायला लागतात. पुढे पंजा कायमचा आखडतो. याची पहिली खूण नाडी नव्हे. नाडी लागत असतानाही हे चालू असतं. खूण ही : मूल थांबता थांबत नाही असं रडतं, दुखणं दिसणाऱ्या दुखापतीपेक्षा जास्त, आणि त्याची बोटं तुम्ही हलकेच सरळ केली की किंचाळतं. त्या क्षणी पट्टी, कापूस, सगळं कातडीपर्यंत कापून मोकळं करायचं, आणि एसएसजी किंवा जे जवळ असेल ते मोठं रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

दांडियाबाजार_जुना

कोपराचं पटलं. मग मैदानात करायचं काय, तेवढं सांगा.

मांजलपूर_फिजिओ

कोपर आहे त्या कोनात ठेवा, जरासं वाकलेलं, काटकोनात आणायला जाऊ नका. पुठ्ठ्याची पन्हळ किंवा जाड मासिक दंडापासून पंज्यापर्यंत, वर सैल क्रेप. नाडी बघा. मग मुलाशी दगड-कागद-कात्री खेळा : मूठ, पंजा उघडणं, दोन बोटं फाकवणं, आणि चौथं म्हणून अंगठा-तर्जनीचं गोल कडं. चारही जमले तर पंज्याच्या मोठ्या नसांचं काम तूर्त चालू आहे. कडं गोल न होता चपटं झालं, तर या मोडीत सगळ्यात जास्त दुखावणारी नस दबली आहे, तसं डॉक्टरला सांगा.

शरीररचना_मास्तर

याच्या मागचं कारण जोडतो, कारण ते कळलं की मुलांच्या हाताबद्दलचे निम्मे निर्णय सोपे होतात. दंडाच्या हाडाची साधारण ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, आणि कोपराखालच्या दोन हाडांची बहुतेक वाढ मनगटाकडच्या टोकाला. कोपराच्या वाट्याला फार थोडी. म्हणून सात वर्षांच्या मुलाचं मनगटाजवळचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी वर्ष-दीड वर्षात वाढीबरोबर सरळ होतं, खांद्याजवळचं तर अजूनच. कोपराजवळचं वाकडं जुळलं तर वाकडंच राहतं. कोपर बाहेर फुगून हात आत वळलेला, तो वाकडेपणा आयुष्यभर. "मूल आहे, होईल सरळ" हे मनगटाला लागू, कोपराला नाही.

मल्लखांबी

लहान मुलाला एका हाताने ओढून उचललं की ते हात हलवायचं बंद करतं, सूज नाही, काही नाही. ते कुठलं?

मांजलपूर_फिजिओ

एक ते चार वर्षं. रेडियसच्या डोक्याभोवती गोल पट्टा असतो, तो ओढताना वर सरकून सांध्यात अडकतो. मूल हात किंचित वाकवून, तळवा खाली करून, अंगाशी धरून बसतं. जाणकाराने कोपर धरून तळवा पूर्ण खाली वळवला की बोटाखाली खट्ट लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल त्याच हाताने चॉकलेट घेतं. पण पडल्याचा इतिहास असेल किंवा सूज असेल तर वळवायचं नाही, आधी एक्स-रे. आणि दोन हात धरून झोका देण्याचा खेळ बंद.

निरुपमा_व

तळवा वर-खाली फिरतो तेव्हा फिरतं काय नक्की?

शरीररचना_मास्तर

कोपराच्या टोकावर बोट ठेवा आणि तळवा फिरवा. टोक जागचं हलत नाही. करंगळीकडचं हाड, अल्ना, जवळजवळ स्थिर. अंगठ्याकडचं रेडियस त्याच्यावरून आडवं जातं आणि पंज्याला बरोबर घेऊन जातं. दोन्हीकडे ८० ते ९० अंश. मोजताना कोपर बरगडीला चिकटवून घ्या, नाहीतर खांदा लबाडी करतो आणि कमी असलेलं वळण पूर्ण भासतं. कोपर वाकलेलं असताना तळवा वर वळवण्याची ताकद जास्त, कारण दंडाचा मोठा स्नायू तिथे कामाला येतो. उजव्या हाताने स्क्रू आवळणं सोपं ते त्यामुळे.

क्ष_किरण

या जोडीचा नियम : एक मोडलं आणि दुसरं शाबूत दिसलं, तर दुसऱ्याचा सांधा कुठेतरी निखळला असेल. अल्ना मोडली तर रेडियसचं डोकं कोपराशी बघा, रेडियस खाली मोडला तर मनगटाशी अल्नाचं टोक बघा. एक्स-रेच्या पट्टीत कोपर आणि मनगट दोन्ही आले पाहिजेत. यातला पहिला प्रकार इटलीच्या मोंतेज्जियाने १८१४ मध्ये वर्णन केला, आणि म्हाताऱ्या बायकांच्या मनगटाचा सुप्रसिद्ध फ्रॅक्चर डब्लिनच्या अब्राहम कॉलिसने, तोही १८१४ मध्येच. एक्स-रे सापडले १८९५ मध्ये. म्हणजे दोघांनी हातानेच शोधलं. धाग्याचं नाव बरोबर ठेवलंय.

सयाजीबाग_पंखा

जरा अवांतर. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तो मुलांना दाखवताना शेपटीकडे धावू नका. देवमाशाच्या पुढच्या पराच्या आत हीच हाडं असतात : खवाटा, आखूड दंड, रेडियस, अल्ना, मनगट आणि बोटं. निळ्या देवमाशाला बोटं चारच, पण मधल्या बोटांना पेरं तीनपेक्षा जास्त. कॉलर बोन नाही, आणि कोपर वाकत नाही. पोहायला एकच ताठ पर लागतो, फांदीला लटकायला आणि सुई धरायला आपल्यासारखा हात. झालं अवांतर.

रावपुरा_रविवार

छान अवांतर. आता मनगट, कारण उत्तरायणात पडणारा माणूस तळवा पुढे करूनच पडतो.

शरीररचना_मास्तर

आठ हाडं, दोन ओळी. कोपराकडची, अंगठ्यापासून : स्कॅफॉइड, ल्यूनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. बोटांकडची : ट्रॅपिझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पिसिफॉर्म म्हणजे तळव्याच्या बुडाशी करंगळीच्या बाजूला हलणारा वाटाण्याएवढा दाणा. जन्मतः पट्टीत यातलं बहुधा एकही दिसत नाही. कॅपिटेट आणि हॅमेट पहिल्या वर्षात येतात, पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी, नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. मैदानी स्पर्धांत वय ठरवायला मनगटाची पट्टी काढतात ती यासाठी.

तळव्यावर टेकल्यावर मनगटातला साधारण ८० टक्के भार रेडियसवर जातो. दोन्ही बाजूंची टोकं चाचपून बघा : अंगठ्याकडचं करंगळीकडच्यापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर खाली असतं. दोन्ही एका पातळीत आली तर रेडियस मोडून आखूड झाला आहे. वयस्क बाईचं मनगट बाजूने बघितल्यावर जेवणाच्या काट्यासारखं वळलेलं दिसतं, ते हेच.

मांजलपूर_फिजिओ

या प्लास्टरमध्ये बोटं हलवायला सांगायला लोक विसरतात आणि मग सहा आठवड्यांनी मनगटापेक्षा बोटंच जास्त अडकलेली असतात. पहिल्या दिवसापासून, दर तासाला, पूर्ण मूठ आणि पूर्ण उघड. खांदाही रोज डोक्यावर. काही आठवड्यांनी अंगठा अचानक वर उचलेनासा झाला तर त्याची दोरी हाडाच्या कडेवर घासून तुटली आहे, मार किरकोळ असला तरी हे होतं.

क्ष_किरण

आणि तरुण माणूस त्याच पद्धतीने पडला, रेडियस ठीक दिसला, तर स्कॅफॉइड. अंगठा वर ताणला की त्याच्या बुडाशी दोन दोऱ्यांमध्ये तपकिरीच्या चिमटीएवढी खळगी पडते. तिथे दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे नॉर्मल असला तरी मनगट बांधून ठेवायचं आणि १० ते १४ दिवसांनी एक्स-रे पुन्हा, किंवा आधीच एमआरआय. पहिल्या दिवशी ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही.

का सोडायचं नाही : या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून येतं आणि उलट कोपराकडे जातं. त्याच्या कमरेत, म्हणजे मध्यावर, मोडलं की कोपराकडचा तुकडा रक्तावाचून राहतो. जुळत नाही, किंवा मरतो, आणि काही वर्षांनी अख्खं मनगट झिजतं. "मुरगळलंय, क्रेप बांध" म्हणून सोडलेल्या मनगटांत हे हमखास सापडतं.

मल्लखांबी

दहा-बारा वर्षांची मुलं रोज हातावर उभी राहतात, मनगटाच्या मागे अंगठ्याकडे दुखतं म्हणतात. पडलेली नसतात.

मांजलपूर_फिजिओ

रेडियसच्या खालच्या टोकाची वाढीची पट्टी रोजच्या दाबाने चिडते. एक्स-रेत ती रुंद आणि फाटकी दिसते. हातावरचं सगळं काम काही आठवडे बंद, पायांचं चालू ठेवा. दुखणं दाबून चालू ठेवलं तर रेडियस वाढायचा थांबतो, अल्ना लांब होते. आठवड्यात हातावर भार देण्याचे दिवस एकाआड एक ठेवले तर ही वेळ सहसा येत नाही.

शरीररचना_मास्तर

तळहातात एक गंमत बघा. तर्जनी आणि मधल्या बोटाची तळहातातली हाडं बुडाशी घट्ट, हलतच नाहीत. अनामिकेचं थोडं, करंगळीचं बरंच हलतं. मुद्गल धरताना पंजा वाकतो तो करंगळीच्या बाजूने. ठोसा मारून करंगळीच्या हाडाची मान मोडते, ती थोडी वाकडी राहिली तरी चालते, याच हलण्यामुळे. पण पीळ चालत नाही. मूठ वळायला सांगा : सगळ्या बोटांची नखं अंगठ्याच्या बुडाकडे रोखलेली हवीत. एक बोट दुसऱ्यावर चढलं तर हाड पिळून जुळतंय, लगेच दाखवा.

रावपुरा_रविवार

क्रिकेटच्या चेंडूने बोटाचं टोक लोंबतं त्याचं सांगून टाका. आठवड्यात एक तरी येतं.

मांजलपूर_फिजिओ

शेवटच्या पेराला वर धरणारी दोरी तुटते, कधी हाडाची कपची घेऊन. टोक स्वतःहून सरळ होत नाही. फक्त शेवटचा सांधा सरळ, किंचित मागे, अशी पट्टी. मधला सांधा मोकळा. सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र, नंतर काही आठवडे फक्त रात्री. आणि कुठल्याही बोटाला मार लागला की आधी अंगठी काढा, सूज यायच्या आत.

निरुपमा_व

आंघोळीला पट्टी काढली तर?

मांजलपूर_फिजिओ

काढा, पण बोट टेबलावर पालथं टेकवून, टोक वर उचललेलं ठेवूनच. धुवा, पुसा, कोरडं करा, त्याच स्थितीत पट्टी परत. मधे एकदा जरी टोक खाली पडलं तर आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.